पेजमेकर चालतो, अक्षरांचे काय?

गणपती उठले की डीटीपीच्या दुकानांत दिवाळी अंकांची धांदल सुरू होते. अशा एखाद्या दुकानात जरा रेंगाळले, तर बहुधा दोन संगणक दिसतात. एक दर्शनी, पातळ पडद्याचा. ईमेल, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, कोरलड्रॉची नवी आवृत्ती असा सगळा संसार त्याच्यावर. दुसरा मागच्या टेबलाखाली, पंख्याचा घरघर आवाज करणारा, विंडोज एक्सपीवर चालणारा. त्याला इंटरनेट नाही, त्याच्यावर कुणी गाणी लावत नाही आणि झाडताना त्याच्या वायरीला धक्का लागला तर मालक ओरडतो. त्याच्यावर पेजमेकर ७ आहे, श्रीलिपीचे नाहीतर आयएसएमचे फॉन्ट आहेत आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, वार्षिक अहवाल, पतसंस्थांच्या घटना आहेत. दोन्ही यंत्रांमधला पूल म्हणजे एक पेनड्राइव्ह.

हा मागचा संगणक एक दिवस सुरूच झाला नाही तर काय, ही धास्ती या धंद्यात सगळ्यांनाच असते. म्हणून प्रश्न विचारला जातो तो असा: नव्या संगणकावर पेजमेकर चालतो का? याचे उत्तर, थोडी खटपट केली तर, बहुतेक वेळा ‘चालतो’ असेच आहे. पण चालणे हा यातला सोपा भाग. पेजमेकर चालू झाल्यावर त्यातून काय बाहेर पडते, हा अवघड भाग. आणि मराठी मजकुराच्या बाबतीत तर खरी गोम तिथेच आहे.

पेजमेकरचा जन्म १९८५चा. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॉल ब्रेनर्ड यांनी आल्डस नावाची कंपनी काढली. नाव घेतले पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये छापखाना चालवणाऱ्या आल्डस मनुशियसचे. ॲपलचा मॅकिंटॉश, त्याच वर्षी आलेला लेझररायटर प्रिंटर, त्या प्रिंटरला समजणारी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि पेजमेकर असे चार पाय जुळले आणि खिळे जुळवण्याचे काम टेबलावर आले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दही ब्रेनर्ड यांच्याच नावावर जमा आहे. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली. ६.५ ही आवृत्ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली, ७.० ही २००१ मध्ये. मधे १९९९ मध्ये ॲडोबीने इनडिझाइन हे पाने जुळवणारे नवे सॉफ्टवेअर काढले तेव्हाच पेजमेकरची पत्रिका लिहिली गेली होती. २००४ मध्ये त्याचा विकास थांबला. म्हणजे आज दुकानात सुरू असलेला ‘नवा’ पेजमेकरसुद्धा दोन तपांहून जुना आहे. त्यात मागे घेण्याची सोय फक्त एका पावलाची. दुसरी चूक होईपर्यंत पहिली लक्षात आली नाही, तर भोगा आपल्या कर्माची फळे.

तरीही तो टिकला. का टिकला, याची कारणे हिणवण्यासारखी नाहीत. डोळे मिटून उघडेपर्यंत तो सुरू होतो. जुन्या पुस्तकाच्या साच्यात नवा मजकूर ओतला की पाने पडतात. बोटांना शॉर्टकट पाठ असतात. २०१३ मध्ये ॲडोबीने नवी सॉफ्टवेअर फक्त वर्गणीवर द्यायचे जाहीर केले. महिन्याला पत्रिका किती आणि हँडबिले किती, यावर घर चालवणाऱ्या माणसाला दरमहा भाडे भरायचे सॉफ्टवेअर परवडेलच असे नाही. एकदा विकत घेतलेले अवजार बोथट होत नाही तोवर वापरायचे, हा हिशेब सुताराचा आणि शिंप्याचाही असतो. डीटीपीवाल्याने तो केला म्हणून त्याला मागासलेला ठरवण्यात काही अर्थ नाही.

आता चालवण्याकडे. पहिला अडसर बिटांचा. विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम सोळा बिटी होते. पेजमेकर ५, कोरलड्रॉ ३ ही त्या पिढीतली मंडळी. पुढची पिढी बत्तीस बिटी: पेजमेकर ६.५ आणि ७, कोरलड्रॉ ६ पासून पुढच्या आवृत्त्या. आजचे विंडोज चौसष्ट बिटी. चौसष्ट बिटी विंडोज बत्तीस बिटी प्रोग्राम निमूटपणे चालवते, सोळा बिटी प्रोग्रामला मात्र दारातूनच परत पाठवते. विंडोज १० ची बत्तीस बिटी आवृत्ती तरी मिळत असे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ती निघालीच नाही. त्यामुळे पेजमेकर ७ किंवा कोरल ९, ११, १२ वापरणारा माणूस पेजमेकर ५ वाल्यापेक्षा खूपच सुखी आहे.

यात एक गंमत आहे. प्रोग्राम बत्तीस बिटी, पण त्याची सीडी टाकल्यावर चालणारा सेटअप मात्र सोळा बिटी, असे नव्वदच्या दशकात सर्रास होत असे. जुन्या वाड्यात माणूस मावतो, पण कपाट दारातून आत जात नाही, तसे. मायक्रोसॉफ्टला हे ठाऊक होते. म्हणून चौसष्ट बिटी विंडोजमध्ये काही ठरावीक जुने सेटअप, उदाहरणार्थ इन्स्टॉलशील्ड ५ चे, ओळखून त्यांच्या जागी गुपचूप बत्तीस बिटी सेटअप चालवण्याची सोय ठेवलेली आहे. जे या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती: एक्सपीवर प्रोग्राम बसवायचा, मग त्याचे फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी उचलून नव्या यंत्रावर न्यायच्या. कधी जमते, कधी नाही.

प्रोग्राम बसला तरी कुरबुरी संपत नाहीत. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रामला ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहायची मुभा राहिली नाही. जुने प्रोग्राम मात्र आपली सेटिंग, फॉन्टच्या याद्या, तात्पुरत्या फाइली आपल्याच फोल्डरमध्ये ठेवायला सोकावलेले. त्यांना एकदम नाही म्हटले तर ते कोसळतील, म्हणून विंडोजने एक आडवाट काढली. प्रोग्रामला वाटते आपण आपल्या घरात लिहिले. प्रत्यक्षात फाइल वापरकर्त्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या खात्यातून लॉगिन केले की कालची सेटिंग गायब, आणि मग ‘कुणी हात लावला होता?’ अशी चौकशी सुरू. अशा वेळी आयकॉनवर उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण कायमची करून टाकणे किंवा प्रोग्राम सरळ सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवणे, हे दोन तोडगे वापरात आहेत. दुसरा जास्त बरा. ज्याच्या सुरक्षेतल्या चुका आता कुणी दुरुस्त करत नाही, अशा प्रोग्रामला संगणकाच्या सगळ्या किल्ल्या देणे शहाणपणाचे नाही.

पडद्याचा ताप वेगळा. आठशे बाय सहाशेच्या जमान्यात आखलेली बटणे आजच्या दाट पडद्यावर मुंगीएवढी दिसतात. २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये प्रोग्रामच्या गुणधर्मात जाऊन पडद्याच्या दाटीची, म्हणजे डीपीआयची, जबाबदारी विंडोजकडे सोपवता येते. बटणे मोठी होतात, अक्षरांच्या कडाही बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. डिस्कचा विनोद तर अजबच. काही जुने सेटअप रिकामी जागा मोजताना दोन किंवा चार गिगाबाइटच्या पुढे गणित चुकतात आणि शेकडो गिगाबाइट मोकळे असताना ‘जागा अपुरी आहे’ म्हणून हटून बसतात. श्रीमंती अंगावर येते ती अशी.

पेजमेकरची खरी नाडी मात्र प्रिंटरच्या हातात असते. हा प्रोग्राम पान जुळवतानाच विचारतो, कोणत्या प्रिंटरसाठी जुळवू? ज्या प्रिंटरसाठी फाइल बनली तो नव्या संगणकावर नसेल, तर पेजमेकर तसे सांगतो आणि दुसऱ्या प्रिंटरच्या मापाने चालू लागतो. क्वचित ओळी सरकतात, एखादे पान वाढते. अनुभवी माणसे म्हणून एक खोटा प्रिंटर पाळतात. नव्या विंडोजवर एक सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर बसवायचा, तो कुठल्याच तारेला न जोडता ‘फाइलमध्ये छापा’ या खुणेवर ठेवायचा, आणि निघालेली पोस्टस्क्रिप्ट फाइल डिस्टिलरने किंवा मोफत घोस्टस्क्रिप्टने पीडीएफमध्ये वळवायची. एकेकाळी बटरपेपरवर काढलेली छपाई नाहीतर फिल्म घेऊन प्रेसमध्ये जावे लागे. आता थेट प्लेट काढणारी यंत्रे पीडीएफ मागतात. तीच जुनी पोस्टस्क्रिप्ट इथे उपयोगी पडते, कारण पीडीएफ तिच्याच घराण्यातली.

ज्यांना ही खटपट नको, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग: नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये एक्सपी बसवले की खिडकीच्या आत सगळे जुने विश्व जसेच्या तसे उभे राहते. मायक्रोसॉफ्टने स्वतः विंडोज ७ बरोबर ‘एक्सपी मोड’ दिला होता, तो याच विचाराने. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे सगळा जुना संगणक एका फाइलमध्ये येतो. ती फाइल दोन डिस्कवर उतरवून ठेवली की टेबलाखालचे धूड जळाले तरी काम अडत नाही. सोळा बिटी मंडळींसाठी तर हाच राजमार्ग. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स-एक्समध्ये विंडोज ३.१ चालवणारे हौशीही आहेत. लिनक्सवर वाइन नावाची यंत्रणा १९९३ पासून हेच काम वेगळ्या रीतीने करते. ती अख्खा संगणक उभा करत नाही, विंडोजच्या हाकांना लिनक्समधून ओ देते. मजा अशी की चौसष्ट बिटी विंडोज ज्या सोळा बिटी प्रोग्रामांना नाकारते, त्यातले बरेच चौसष्ट बिटी लिनक्सवर वाइनमध्ये चालतात.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा जगभर पसरला, तेव्हा नियम मोडून एक्सपीसाठी एक ठिगळ काढावे लागले. त्या किड्याची वाट होती फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी-१ मधून. त्याच वर्षाअखेरीपासून विंडोज १० नव्याने बसवताना एसएमबी-१ आपोआप येत नाही. दुकानातला जुना संगणक नव्याला ‘नेटवर्कमध्ये दिसत नाही’ तो बहुतेक वेळा याच कारणाने. इलाज म्हणून एसएमबी-१ पुन्हा चालू करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. व्हर्च्युअल यंत्र असेल तर इंटरनेट तोडून फक्त एक सामायिक फोल्डर ठेवणे त्याहून बरे.

मॅकवाल्यांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ॲपल मागे वळून पाहत नाही. पेजमेकर ७ मॅक ओएस एक्ससाठी कधी तयारच झाला नाही. तो ‘क्लासिक’ नावाच्या आतल्या खोलीत चालत असे. इंटेलच्या मॅकवर ती खोली नव्हती. २०११ मध्ये जुन्या प्रोसेसरचे प्रोग्राम गेले, २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत सगळे बत्तीस बिटी प्रोग्राम एका फटक्यात बाद झाले. आज मॅकवर जुना पेजमेकर हवा असेल तर शीपशेव्हरसारख्या एम्युलेटरमध्ये अख्खे मॅक ओएस ९ उभे करावे लागते.

फ्रीहँड या चित्ररेखनाच्या प्रोग्रामाची गोष्ट याच घरातली आणि जास्त चटका लावणारी. तो अल्टसिस कंपनीने बनवला, विकला आल्डसने. ॲडोबीने आल्डस घेतली तेव्हा तिच्याकडे इलस्ट्रेटर होताच, म्हणून अमेरिकी सरकारी यंत्रणेने स्पर्धा टिकावी यासाठी फ्रीहँड परत करायला लावले. तो मॅक्रोमीडियाकडे गेला. पुढे २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली, आणि २००७ मध्ये फ्रीहँड बंद झाल्याचे जाहीर झाले. २०११ मध्ये त्याच्या चाहत्यांनी ‘फ्री फ्रीहँड’ या संघटनेमार्फत ॲडोबीला मक्तेदारीच्या मुद्द्यावर अमेरिकी न्यायालयात खेचले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. प्रोग्राम काही परत आला नाही.

आणखी एक अडसर कुलपांचा, आणि हा सगळ्यांत चीड आणणारा, कारण यात दोष वापरणाऱ्याचा नसतो. भारतीय भाषांच्या महागड्या फॉन्ट-पॅकेजांबरोबर डोंगल येत असे: प्रिंटरच्या मागच्या पोर्टला लावायचा काडेपेटीएवढा ठोकळा, नंतर यूएसबीचा. तो लावला नाही तर कीबोर्ड मराठी उमटवत नाही. आजच्या संगणकाला पॅरलल पोर्टच नसतो. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल तार घेतली तरी फायदा नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगलला हवा असतो थेट पोर्ट. शिवाय चौसष्ट बिटी विंडोजला सही केलेला ड्रायव्हर लागतो. कुलपे बनवणाऱ्या कंपन्याही हात बदलत गेल्या. हास्प हे प्रसिद्ध कुलूप अलादीनचे होते. ते सेफनेटकडे, तिथून जेमाल्टोकडे आणि मग थेल्सकडे गेले. डोंगल हरवणारे लोक कमी. बहुतेकांचा डोंगल ठणठणीत आहे, फक्त तो लावायला भोक उरले नाही.

इंटरनेटवरून होणारे ॲक्टिव्हेशन हे या कुलपाचे पुढचे रूप. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे भरून घेतलेल्यांची अडचण होऊ नये म्हणून ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती क्रमांकासह उपलब्ध केली. २०१३ च्या जानेवारीत बातमी अशी पसरली की ॲडोबीने फोटोशॉप फुकट वाटले! कंपनीला खुलासे करत बसावे लागले. पण सर्व्हर बंद करताना मागे राहिलेल्यांची अशी सोय प्रत्येक जण करत नाही. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातले ५२ वे कलम इथे माहीत असलेले बरे. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो ज्या कामासाठी घेतला त्या कामापुरती आणि नुकसानीपासून बचाव म्हणून जपण्यापुरती नक्कल करण्याची मुभा त्यात आहे. जुनी सीडी खराब होण्याआधी तिची प्रतिमा डिस्कवर उतरवून ठेवायला कुणाला भ्यायचे कारण नाही. मित्राकडून आणलेल्या ‘पॅच’ला मात्र हे कलम वाचवत नाही.

एवढे सगळे पार पाडले, पेजमेकर सुरू झाला, फाइल उघडली, आणि पडद्यावर काय? एच, के, के, जे, आर. इंग्रजी अक्षरांची रांगोळी.

ही रांगोळी म्हणजे ‘भारत’. कृतिदेव फॉन्टमध्ये कॅपिटल ‘एच’च्या जागी अर्धा भ बसवलेला आहे आणि ‘के’च्या जागी उभा दंड. भ् ला दंड दिला की भ झाला, दुसरा दंड दिला की भा. ‘जे’ म्हणजे र, ‘आर’ म्हणजे त. टाइपरायटरवर जशी अक्षरे ठोकत, तशीच ही जुळणी. वेलांटीही तशीच, आधी: ‘हिन्दी’ लिहिताना पहिल्यांदा पहिली वेलांटी, मग ह. संगणकाला यातले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी तो इंग्रजी मजकूर आहे, फक्त घातलेले कपडे देवनागरीचे. फॉन्ट गेला की कपडे गेले.

असे का केले? कारण एका फॉन्टमध्ये वापरण्याजोग्या जागा जेमतेम दोनशे-सव्वादोनशे, आणि देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, रकार मिळून कितीतरी जास्त. मग अक्षरांचे तुकडे करून ते त्या जागांत कोंबायचे, हाच उपाय होता. तो प्रत्येकाने आपापल्या परीने केला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातल्याच सीडॅकचे आयएसएम, बंगळूरची आकृती, शिवाजी, किरण: प्रत्येकाची जागावाटणी निराळी. श्रीलिपीची फाइल आयएसएमच्या योगेश फॉन्टमध्ये टाकली तर ना धड इंग्रजी, ना धड मराठी, असे काहीतरी तिसरेच दिसते.

प्रमाण नव्हते असेही नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने काढले, आणि युनिकोड या जागतिक मानकातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये पुण्यात आले, तिथेच हे सगळे पिकले. पण पेजमेकरला इस्की कळत नव्हते. त्याला हवे होते फॉन्टमधल्या जागेचे क्रमांक, आणि तो तेच साठवत गेला. परिणाम असा की ‘क’ हे अक्षर कोणते, याचे राष्ट्रीय मानक शेजारच्याच इमारतीत असताना पुण्यातली हजारो पाने तुकड्यांच्या क्रमांकांत साठली.

या तुकड्यांचा एक खट्याळ नमुना पाहण्यासारखा आहे. कृतिदेवमध्ये साधे एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श, आणि दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ष. वर्डसारखा सुशिक्षित प्रोग्राम सरळ अवतरणचिन्ह दिसले की ते आपण होऊन गोल करतो. गोल चिन्हाची जागा वेगळी, तिथला तुकडा वेगळा. झाले, ‘शहर’ फुटले, ‘भाषा’ फुटली. पेजमेकरमध्येही गोल चिन्हांची अशी खूण आहेच. ती बंद ठेवायची, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवले जाते आणि ते का, हे सहसा सांगितले जात नाही.

कोरलड्रॉची तऱ्हाही जवळपास अशीच. जुन्या आवृत्तीतली फाइल नव्या आवृत्तीत उघडताना कोड पेज, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर ही यादी, चुकले, तर १२७ च्या पुढच्या जागांवरचे तुकडे इकडचे तिकडे होतात: साधी अक्षरे नीट, जोडाक्षरे मोडलेली. म्हणून अनेकांनी कोरल ११ किंवा १२ धरून ठेवले, आणि म्हणूनच ‘टेक्स्ट कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य या धंद्यात रूढ झाले. कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांची चित्रे होतात. मग फॉन्ट असो वा नसो, छपाई बरोबर येते. छापखान्याच्या दृष्टीने हा रामबाण उपाय. मजकुराच्या दृष्टीने ही त्याची समाधी. कर्व्ह केलेल्या पत्रिकेत वधूचे नाव चुकले तर ते बदलता येत नाही, नव्याने लिहून चिकटवावे लागते. मूळ फाइल न ठेवता फक्त कर्व्ह केलेली ठेवली असेल, तर ती पाने पुढे कोणत्याही यंत्राने ‘वाचणे’ म्हणजे छापील कागद स्कॅन करून वाचण्यासारखेच.

फाइल उघडण्यापुरता आता पेजमेकरही लागत नाही. इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ पासूनच्या फाइली उघडत. पुढे ॲडोबीने ती वाट बंद केली. बंद पडलेल्या प्रोग्रामांच्या फाइली उलगडण्यासाठी झटणाऱ्या मुक्त-स्रोत कार्यकर्त्यांनी लिबपेजमेकर हा वाचक लिहिला आणि २०१५ च्या लिबरऑफिस ४.४ मध्ये तो आला. कोरलच्या फाइली त्याआधीच, २०१२ पासून, लिबरऑफिसमध्ये उघडत होत्या. मांडणी जशीच्या तशी उतरेल ही अपेक्षा ठेवू नये, पण मजकूर हाती लागतो. अर्थात तोही एच-के-के-जे-आर याच वेशात.

म्हणजे खरा पल्ला तुकड्यांच्या क्रमांकांपासून युनिकोडपर्यंतचा. पेजमेकर युनिकोड जाणत नाही आणि आता शिकणारही नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी युनिकोड फॉन्ट आला. तो मुंबईच्या प्राध्यापक र. कृ. जोशी यांच्या हातचा. पण फॉन्ट येणे वेगळे आणि पान जुळवणाऱ्या प्रोग्रामाला जोडाक्षर कळणे वेगळे. इनडिझाइनने भारतीय लिप्यांना अधिकृत आधार दिला २०१२ च्या सीएस६ मध्ये. कोरलचेही तसेच, त्याच वर्षीच्या एक्स६ मध्ये. मोफत स्क्रायबसला ते २०१७ च्या १.५.३ या चाचणी आवृत्तीत जमले आणि पक्की १.६ आवृत्ती २०२४ मध्ये आली. म्हणजे डीटीपीवाला युनिकोडकडे का वळला नाही, असे २०१० मध्ये विचारणाऱ्यांनी त्याला वळण्याजोगा रस्ताच दिलेला नव्हता. मराठीचे बारकावे तर आणखी उशिरा आले. ‘ॲडोबी’ या शब्दातल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. तोवर या कंपनीचे नाव तिच्याच प्रोग्रामात मराठी वळणाने लिहायला जुने, तुकड्यांचे फॉन्ट जास्त सोयीचे होते.

फॉन्ट परिवर्तक आता पुष्कळ आहेत, काही मोफत, काही पॅकेजांबरोबर येणारे. त्यांचे काम म्हणजे दोन याद्या आणि थोडी बुद्धी: हा क्रमांक म्हणजे हा तुकडा, वेलांटी आधी दिसली तर उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेव, रफार नंतर दिसला तर उचलून आधी आण. बुद्धी कमी पडते ती कडेच्या प्रकरणांत. एकाच ओळीत इंग्रजी शब्द आला तर तोही ‘मराठी’ होतो. ठळक, तिरके, तळटीपांचे क्रमांक सगळे सपाट होते. ज्याने घाईत दीर्घ ऊकार दोन तुकड्यांनी बनवला असेल, त्याचा शब्द दिसायला बरोबर आणि शोधायला चूक निघतो.

आणि मग हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला परिवर्तक मराठी मजकुरावर चालवला की एक खास घोटाळा होतो. मराठीत र ची दोन अर्धी रूपे य च्या आधी येऊ शकतात: दर्यामधला रफार आणि दऱ्यामधला आडवा, पापणीसारखा र. जुन्या फॉन्टांत त्यांच्या जागा वेगळ्या. युनिकोडमध्ये दुसऱ्यासाठी ऱ हे नुक्त्याचे अक्षर घ्यावे लागते. परिवर्तकाला ते ठाऊक नसेल तर दोन्हींचा रफारच होतो. वर्णलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही यात काही वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात असतात. त्यामुळे शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये उतरवून झाली, की कुणीतरी टेबलाखालचा तो संगणक सुरू करतो, एक्सपीची हिरवी टेकडी पडद्यावर येते, पेजमेकरमधून मूळ पान कागदावर निघते आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून लाल पेन हातात घेतलेला मुद्रितशोधक बसतो: भोजन रांधणाऱ्या आचाऱ्यांचे मानलेले आभार यादीत चुकून आचार्यांच्या खाती तर गेले नाहीत ना, ते पाहायला.